देव उजव्या हाताला

आमच्या घरात दोन भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते आणि त्यांच्या बायकांना बोलल्याशिवाय राहवत नव्हतं, एवढं सांगितलं तरी त्या हिवाळ्याची निम्मी हकिकत सांगून होते. थोरला भाऊ म्हणजे माझे वडील, आबा. ते मेंढरं राखायचे. सिल्लोडकडं आमच्या गावात थोडी कोरडवाहू जमीन होती, पण खरा संसार मेंढरांच्या मागं फिरणारा. पावसाळा गावात जायचा आणि दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून आई-आबा खाली पैठणकडं, धरणाच्या फुगवट्याला जायचे. तिथं पाणी मागं सरतं तशी ओली जमीन उघडी पडते, गवत येतं आणि शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. धाकटा भाऊ म्हणजे किसनकाका. ते शिकले, शहरात सरकारी कचेरीत कारकून झाले आणि उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांत राहू लागले. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी चौथी झाले तेव्हा आबांनीच मला त्यांच्याकडं आणून सोडलं. "हिचं डोकं चालतंय. माझ्यामागं रानोमाळ फिरून वाया जाईल," एवढंच बोलले, पाणी प्यायले आणि आल्या पावली परत गेले.

उस्मानपुऱ्यातली सकाळ काकूच्या स्टोव्हच्या आवाजानं व्हायची. काकू त्याला आधी चार शिव्या घालायची, मग पंप मारायची, मग पुन्हा चार शिव्या. तो पेटला की चहा, आणि चहाच्या मागोमाग परातीत भाकरी थापल्याचा आवाज. भिंतीपलीकडून रझिया खाला विचारायची, "सुमनआपा, थोडा जामन है क्या?" आणि काकू विरजणाची वाटी भिंतीवरून द्यायची. थंडीच्या दिवसांत बाजरीची भाकरी असायची, वरून तीळ लावलेली, आणि तिच्यासोबत चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत. वांगी भाजण्यापुरती काकू अंगणात तीन दगडांची चूल मांडायची, कारण स्टोव्हवरच्या वांग्याला रॉकेलचा वास येतो असं तिचं ठाम मत होतं. भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या येसराची आमटी उकळायला लागली की मी वही मिटून आपोआप ताटं मांडायला उठत असे. त्या दोन खोल्यांत मला कधी परकं वाटलं नाही. खाताना "अजून घे" म्हणणारं माणूस समोर असलं की पोरीला दुसरं काय लागतं!

काकांची एक गंमत होती. लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचा विश्वास असे. रस्त्यानं चालताना ते सगळ्या पाट्या मोठ्यानं वाचत आणि वाचलेलं पाळत. 'रांगेत उभे राहा' अशी पाटी दिसली आणि रांगेत दुसरं कुणीही नसलं, तरी काका एकटेच रांगेत उभे राहायचे. काकू म्हणायची, "ह्यांच्यासमोर कुणी 'उडी मारा' असं लिवलं तर ह्ये मारतेल." काका हसायचे नाहीत. त्यांचं म्हणणं, कुणीतरी विचार करूनच लिहिलेलं असतं. मी पुढं सिल्लोडच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, आणि उदाहरण नीट वाचा, मग सोडवा, असं मुलांना सांगताना दरवेळी काका आठवायचे.

आता भांडणाचं सांगते. दर वर्षी गावात आमच्या घराण्याच्या देवाला बकरं पडायचं आणि सगळं भावकीचं गोत एका पंगतीला बसायचं. काकांच्या आवडीचा तो दिवस. मटणाच्या रश्श्यात भाकरी कुस्करून खाताना त्यांना मी लहानपणी पाहिलेलं आहे. पण त्या वर्षी काका गळ्यात तुळशीची माळ घालून आले. माळ घातली की मांस-मटण बंद. काकू डब्यात पिठलं-भाकरी घेऊन आली होती, आणि काका पंगतीपासून चार हात लांब, लिंबाखाली पान घेऊन बसले. आबा वाढत होते. हातातली बादली तशीच धरून त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय रं, आता आमच्या ताटाचा इटाळ व्हतो व्हय तुला? शहराचं पाणी लागलं." काका पानावरून उठले. आमच्याकडं भरल्या पानावरून उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर मारल्यासारखंच. आबांनी बादली खाली ठेवली आणि त्या दिवसापासून दोघांमधलं बोलणं संपलं.

दोन वर्षं असं चाललं. आबा शहरात आले तरी मला भेटायला शाळेच्या फाटकाशी येत, घराशी येत नसत. पिशवीतून शेंगा, गूळ, कधी मेंढीच्या दुधाचा खरवस काढून देत आणि "काकू बरी हाय का?" एवढं विचारत. काकांचं नाव नाही. मग मी दहावीला असताना, थंडी पडायला लागली तेव्हा, घोंगड्या विकायला शहरात येणाऱ्या आमच्या एका नात्यातल्या माणसाच्या हाती आबांचा निरोप आला. तो माणूस दारातच उभा राहून पाठ केल्यासारखा बोलला, "भाऊ म्हणले, संक्रांत झाली की पोरीला न्यायला येतो. ज्याला आमच्या ताटाचा इटाळ व्हतो त्याच्या दारी आमची पोर ठिवायची नाय."

परीक्षा मार्चमध्ये होती. मी भूमितीचं पुस्तक मांडीवर घेऊन बसले आणि त्या संध्याकाळी मला एकही प्रमेय दिसेना. मी गेले तर परीक्षा गेली, आणि परीक्षा गेली की पुढचं सगळं गेलं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. काका म्हणाले, "त्याची पोर हाय. न्हेतो म्हणला तर मी कोण अडवणार?" मग त्यांनी माझ्या शाळेच्या बुटांना पॉलिश केलं. ते दर रविवारी करायचे. तो बुधवार होता. काकूनं तोवर घोंगडीवाल्याला चहासाठी बसवून घेतलं आणि दाराबाहेर त्याला सोडायला म्हणून गेली ती बऱ्याच वेळानं परत आली.

पुढच्याच आठवड्यात काकूला एकाएकी पक्षी बघायची हौस आली. धरणाच्या काठावर एक छोटीशी बाग होती. बाग म्हणजे पाण्यात घुसलेलं एक टेकाड, त्यावर लावलेली झाडं, आणि टेकाडाच्या पोटाला धरून गोल फिरून पुन्हा फाटकाशी येणारी पायवाट. टेकाडाच्या डोक्यावर, पाण्याखाली गेलेल्या कुठल्याशा गावाच्या देवाचं ठाणं आणून बसवलेलं होतं. हिवाळ्यात तिथं लांबून पक्षी येतात, हे काकांनीच पेपरातून वाचून दाखवलं होतं. काकू म्हणाली, "पोरगी जायची हाय. तिला एकदा दाखवून आणू." या वाक्यावर काका लगेच तयार झाले. आदल्या दिवशी काकूनं धपाटे केले, तिळाची चटणी कुटली, पिठलं केलं आणि पहाटे उठून इतक्या भाकऱ्या थापल्या की काका म्हणाले, "पलटण जेवाया घालतीस का काय?" काकू म्हणाली, "थंडीत भूक लागती." भाकऱ्या मी मोजल्या होत्या, आणि तीन माणसांना तेवढी भूक कुठल्याच थंडीत लागत नाही.

एसटीतून फाट्यावर उतरलो तेव्हा तोंडातून वाफ निघत होती. काकांनी गळ्याभोवती मफलर गुंडाळला होता आणि त्यातून माळेचे चार मणी बाहेर दिसत होते. फाटकाच्या आत लगेच वाट दोन बाजूंना फुटत होती, आणि तिथं लाकडी फळीवर पांढऱ्या रंगात बाण काढला होता: उजवीकडं. खाली लिहिलं होतं, 'कृपया बाणाच्या दिशेने जावे.' काका ते मोठ्यानं वाचून उजवीकडं वळले. काकू जागची हलली नाही.

"असं कसं जायचं?" ती म्हणाली. "वर देव बसलाय. तिकडून गेलं तर देव डाव्या हाताला येतो. उलटी प्रदक्षिणा व्हती."

"ही काय प्रदक्षिणा हाय का? फिरायची वाट हाय. लिवलंय न्हवं इथं."

"लिवणाऱ्याला देव कुठं बसलाय त्ये दिसलं नसंल. मी न्हाय येत. देव उजव्या हाताला पाहिजे."

"आगं, सरकारनं बाण काढलाय!"

"मग सरकार जाऊ दे तिकडून," काकू म्हणाली, भाकऱ्यांचं गाठोडं कमरेला घेतलं आणि डावीकडं चालू लागली. "कमळे, तू काकासंगं जा. गोलच वाट हाय, मधी कुठंतरी भेटू."

आता माझी सत्तरी जवळ आली आहे, गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी फिरायला सांगितलंय आणि मी रोज सकाळी बागेत फेऱ्या मारते. त्या फेऱ्या मारताना मी पुष्कळदा विचार करते, की काकू खरंच देवासाठी अडून बसली होती का तिला डावीकडं कोण येणार हे ठाऊक होतं? मला वाटतं दोन्ही. ती खोटं बोलणारी बाई नव्हती. उलटी प्रदक्षिणा तिनं कशासाठीही घातली नसती. पण त्या दिवशी देवही नेमका तिच्या सोयीच्या हाताला बसला होता.

मी आणि काका उजवीकडून निघालो. वाटेवर दव होतं, बोरीच्या झाडांखाली बोरं पडली होती, आणि पहिल्या वळणानंतर एकदम पाणी दिसलं. पलीकडचा काठच दिसेना. वाऱ्यानं लाटा येत होत्या आणि काठाच्या चिखलावर आपटत होत्या. मी विचारलं, "काका, समुद्र असाच असतो का?" काकांनीही समुद्र पाहिलेला नव्हता. ते म्हणाले, "ह्याच्यापेक्षा मोठा असंल. पण ह्ये आपलं हाय." नंतर शाळेची सहल घेऊन मी कोकणात गेले, खरा समुद्र पाहिला, मुलांनी चाखायला लावला म्हणून चाखलाही. मोठा आहे, यात शंका नाही. पण आमच्याकडच्या माणसाला जे पाणी पिता येत नाही त्याचं किती कौतुक करणार?

उथळ पाण्यात लांब पायांचे रोहित पक्षी उभे होते, शेकड्यानं असतील, आणि सगळ्यांच्या माना पाण्यात. काका बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "कमळे, तिकडं गेल्यावर पुस्तकं सोडू नको. मी घोंगडीवाल्याच्या हाती धाडीत जाईन." मी बोरं वेचायला खाली वाकले ती डोळे पुसूनच वर उठले. काकांनीही मला बोरं वेचू दिली.

टेकाडाच्या मागच्या अंगाला वाट फार अरुंद झाली. एका बाजूला चढ, त्यावर बाभळी. दुसऱ्या बाजूला खाली काळा चिखल आणि पाणी. एकावेळी एकच माणूस जाईल एवढी जागा. काका पुढं, मी मागं. वळण घेतलं आणि काका थबकले. समोर आबा उभे होते. खांद्यावर घोंगडं, डोक्याला पटका, हातात मेंढरांसाठी झाडाचा पाला ओढायची लांब आकडी. त्यांच्या मागं माझी आई आणि तिच्या मागं गाठोडं घेतलेली काकू.

दोन वर्षांत दोघं इतके जवळ आले नव्हते. कुणीतरी मागं फिरल्याशिवाय दुसऱ्याला पुढं जाता येणार नव्हतं, आणि मागं फिरणारा माणूस कायमचाच फिरला असता. काकांनी मान खाली घातली. थोरल्या भावाला वाट द्यायची म्हणून ते चढाच्या बाजूला अंग चोरून सरकले, आणि बाभळीची एक फांदी त्यांच्या मफलरमध्ये शिरली. मफलर सोडवायला गेले तर काटा माळेच्या दोऱ्यात अडकला. ते जितकं ओढत तितका दोरा ताणला जाई. आबांनी आकडी वर उचलली. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला वाटलं ते आता मारतात. पण त्यांनी आकडीनं फांदी अडकवून वर ओढून धरली, दुसऱ्या हातानं दोऱ्यातला काटा हलकेच काढला आणि म्हणाले,

"किसना, माळ जप. तुटंल."

"व्हय, भाऊ," काका म्हणाले.

आबांनी फांदी सोडली नाही. तशीच धरून म्हणाले, "माझ्यापायी घातलीस, आन मलाच सांगितलं नाईस. मी चार लोकांत तुला नाय नाय ते बोललो."

काकांनी काकूकडं पाहिलं. काकू पाण्याकडं बघत होती. "सांगायचं नसतं, भाऊ," काका म्हणाले. आबांनी त्यांना एका हातानं जवळ घेतलं. पाठीवर घोंगडं, डोक्यावर बाभळीची फांदी आणि पायाखाली निसरडी वाट, अशा अवस्थेत माझे दोन बाप रडत उभे होते, आणि आई मागून म्हणत होती, "आवो, पडताल, खाली चिखूल हाय."

आधी काय झालं होतं ते मला नंतर आईनं सांगितलं. त्या दोघी जावांनी घोंगडीवाल्याच्या हाती निरोप धाडून देवाच्या ठाण्यापाशी भेटायचं ठरवलं होतं. आबांना आईनं एवढंच सांगितलं होतं की पोरगी येणार आहे. त्यांचा तळ टेकाडाच्या डाव्या अंगालाच होता. तिकडून ते दोघं वर आले आणि काकू त्यांना वाटेत भेटली. काकू थोरल्या दिरासमोर कधी तोंड उघडून बोललेली नव्हती. डोक्यावर पदर आणि "व्हय", "नाय", एवढंच. त्या दिवशी ती वाटेत आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "भावजी, आज मी बोलणार हाय. राग आला तरी ऐकून घ्या." मग तिनं सगळं सांगितलं. त्या पंगतीच्या आदल्या साली आबांना मुदतीचा ताप आला होता, सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी आशा सोडली होती. काकांनी तेव्हा नवस केला होता: भाऊ उठला तर जन्मभर माळ घालीन. भाऊ उठला. काकांनी माळ घातली. आणि आमच्याकडं अशी समजूत, की ज्याच्यासाठी नवस बोलला त्याच्या कानावर तो जाऊ द्यायचा नाही. गेला तर उलटतो. म्हणून काका लिंबाखाली बसले, बोलणी खाल्ली, पानावरून उठले, आणि गप्प राहिले. काकूलाही त्यांनी शपथ घातली होती.

त्या अरुंद वाटेवरून ठाण्याकडं जायला मी आणि काका आलो ती बाजू जवळ होती. काकांनी तिथल्या झाडाला लावलेल्या बाणाकडं पाहिलं, मागं वळले आणि आयुष्यात पहिल्यांदा लिहिलेल्याच्या विरुद्ध चालू लागले. वर ठाण्यापुढं आम्ही एका ओळीत बसलो. आबांनी पिठलं-भाकरी खाल्ली आणि विचारलं, "मटणाबिगर पोट भरतं व्हय रं?" काका म्हणाले, "भरतं की." आबा म्हणाले, "मग वाढ अजून एक." काकूनं भाकऱ्या नेमक्या पाच जणांच्या आणल्या होत्या, आणि तरी आबांना पुरवून वर एक उरली.

हात धुऊन झाल्यावर आबांनी मला जवळ बोलावलं. "पेपर कधी हाईत तुझं?"

"मार्चात."

"मग देऊनच ये. आन त्येच्या फुडं किसना म्हणंल तसं." एवढंच बोलून ते मेंढरांकडं निघून गेले. ते पुढं पंचवीस वर्षं जगले, त्यांना साधा तापही फारसा आला नाही. काका त्यांच्या आधी गेले, गळ्यात तीच माळ घेऊन.

शेवटची दोन वर्षं काकू माझ्याकडं सिल्लोडला होती. मी शाळेतून आले की तिची वेणी घालत असे. केस फार थोडे राहिले होते, पण तिला वेणी लागायची. अशीच एका दुपारी वेणी घालता घालता मी तिला विचारलं, "काकू, त्या दिवशी नवस फोडताना तुला भीती नाय वाटली? आबांचं काही बरंवाईट झालं असतं म्हंजे? काकांची शपथ होती, देव कोपला असता म्हंजे?"

"वाटली की," काकू म्हणाली. "पण म्हणलं, देव रुसला तर रोज त्याच्या पाया पडंन, कधीतरी मानंल. तू गेली असतीस, तर कुणाच्या पाया पडून तुला माघारी आणलं असतं मी?"